शब्दांतून वाडा उभा करताना

जुन्या वास्तूंची मोजमापं घेणं आणि नकाशे काढणं हा माझा व्यवसाय. अलीकडे त्याला एक जोड मिळाली आहे. एआयला शब्दांत वर्णन द्यायचं आणि त्यातून चालता-फिरता येईल अशी थ्रीडी जागा उभी करून घ्यायची. विषय ठरलेला आहे: पेशवाईच्या शेवटच्या काळातला, मध्यम ऐपतीच्या कुटुंबाचा दोन चौकी वाडा. पुण्याच्या पेठांमधले असे वाडे एकेक करून पडताहेत आणि वास्तुकलेच्या मुलांना ओसरी आणि माजघर पुस्तकातच बघावं लागतं, म्हणून हा खटाटोप. मुलं येतात, हेडसेट घालून वाड्यात हिंडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, प्रॉम्प्ट काय दिला होता?" त्यांना एक नेमकी ओळ हवी असते. पुढची टिपणं हे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

१. बघायचं, चालायचं की बदलायचं, ते आधी ठरवा

'एआयने जग बनवणं' या एकाच नावाखाली निरनिराळी कामं येतात. ब्लॉकेड लॅब्जचं स्कायबॉक्स एआय वर्णनावरून ३६० अंशांचं चित्र काढून देतं. त्याच्या मधोमध उभं राहून चहूकडे बघता येतं, चालता मात्र येत नाही. फेई-फेई ली यांच्या वर्ल्ड लॅब्ज कंपनीचं मार्बल नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते मजकूर, फोटो किंवा व्हिडिओवरून टिकाऊ थ्रीडी जागा तयार करतं; ती साठवता येते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. गूगल डीपमाइंडने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलेलं जिनी ३ वेगळ्याच जातीचं आहे. तिथे जागा आधी बांधलेली नसतेच. तुम्ही पाऊल टाकाल तसं पुढचं दृश्य त्याच क्षणी तयार होतं, सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने, आणि मध्येच 'पाऊस सुरू कर' असं लिहिलं तर पाऊसही पडतो.

चौथा मार्ग कमी झगमगीत आहे. चॅटबॉटकडून ब्लेंडर किंवा थ्री.जेएस या थ्रीडी साधनांसाठी कोड लिहून घ्यायचा. वाडा खोक्यांचा दिसतो, पण प्रत्येक भिंत तुम्ही सांगितलेल्या मापाची असते. मी वाड्याचा सांगाडा कोडमधून घेते, चौकाचा माहोल कसा असावा हे ३६० अंशांच्या चित्रांत चाचपून बघते आणि चालायच्या खोल्या टिकाऊ जागा देणाऱ्या साधनात करते. क्षणोक्षणी तयार होणारी जगं मौजेची आहेत, पण तोच जिना मुलांना दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडायला हवा असेल तर ती कामाची नाहीत.

२. वर्णनाआधी नकाशा

नुसत्या शब्दांनी उभ्या केलेल्या आणि हिंडता येणाऱ्या जगांमध्ये आद्य म्हणावा असा खेळ म्हणजे 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर'. विल क्राउथर या अमेरिकन प्रोग्रामरने तो १९७६च्या सुमारास लिहिला. पडद्यावर एकही चित्र नव्हतं. खोलीचं वर्णन यायचं, खेळणाऱ्याने 'उत्तर' किंवा 'खाली' असं टाइप करायचं की पुढची खोली. तरीही लोक त्यात रमले, कारण क्राउथर स्वतः गुहांमध्ये उतरणारा माणूस होता आणि केंटकीतल्या मॅमथ केव्हचा जो भाग त्याने वर्णिला, त्याच्या सर्वेक्षणात त्याचा हात होता. डॉन वूड्सने १९७७मध्ये त्यात अद्भुताची भर घातली, पण पायाखालची वाट खऱ्या गुहेची होती.

आजच्या साधनांनाही हेच लागू आहे. मार्बलमध्ये चिझल नावाची सोय आहे: आधी भिंती, खोके, जिने ढोबळपणे मांडायचे आणि मग ते दिसावेत कसे हे शब्दांत सांगायचं. रचना वेगळी, रूप वेगळं. ज्या साधनात अशी सोय नाही तिथेही मी आलेखाच्या कागदावर वाडा काढल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. कुठलं दार कुठे उघडतं, कोणत्या खोलीतून चौक दिसतो, न्हाणीचं पाणी कुठे जातं, हे कागदावर सुटलं नसेल तर प्रॉम्प्टमध्ये सुटत नाही.

३. पाठीमागचं लिहा

सगळ्यांत जास्त कामाला आलेली गोष्ट ही. चित्रासाठी प्रॉम्प्ट लिहायची सवय लागलेला माणूस समोरचंच वर्णन करतो. हेडसेट घातलेला माणूस मात्र बहुतेक वेळा सगळ्यांत आधी मागे वळून बघतो. तिथे काय असावं हे तुम्ही सांगितलेलं नसेल तर मॉडेल स्वतःच्या मनाने भरतं, आणि जग फाटतं ते तिथेच. ओसरीच्या मागे दुसरी ओसरी, तिच्यामागे तिसरी, किंवा थेट एखाद्या हॉटेलची लॉबी.

डीकार्ट कंपनीचं ओएसिस २०२४मध्ये आलं, तेव्हा माइनक्राफ्टसारख्या त्या जगात डोंगराकडे पाठ करून पुन्हा वळलं की डोंगर नाहीसा व्हायचा. लोकांनी त्याचाच खेळ केला. जिनी ३ची दृश्यस्मृती एखाद्या मिनिटापर्यंत मागे जाते, असं त्याचे निर्मातेच सांगतात. यंत्रांची स्मरणशक्ती वाढत जाईल. पण पाठीमागे काय असायला हवं होतं, हे ठरवायचं काम बनवणाऱ्याचंच राहील.

म्हणून माझ्या प्रत्येक खोलीच्या वर्णनाला चार बाजू असतात. ओसरीचं टिपण असं: "ओसरीच्या मधोमध उभे, तोंड उत्तरेला. पुढे: उघडा चौक, मध्ये तुळशीवृंदावन, पलीकडे समोरच्या ओसरीचे लाकडी खांब. मागे: चुन्याचा गिलावा केलेली विटांची भिंत, तिच्यात छातीच्या उंचीवर दोन कोनाडे, मध्ये माजघराचं बुटकं दार, आत काळोख. डावीकडे: ओसरी संपते, जाड भिंतीत शिरणारा अरुंद जिना. उजवीकडे: देवडी, तिच्यापुढे दिंडी दरवाजा. वर: उघड्या सागवानी तुळया." यात 'सुंदर', 'भव्य', 'ऐतिहासिक' यांतला एकही शब्द नाही, आणि त्यांची उणीव आजवर जाणवलेली नाही.

४. शैलीचं नाव नको, साहित्य सांगा

'पारंपरिक भारतीय घर' एवढंच लिहून बघा. पिवळा वालुकाश्म, जाळीचे झरोके, नक्षीदार कमानी, असं राजस्थान समोर उभं राहील. 'मराठा काळातलं' असा शब्द जोडला तर फार तर एक भगवा झेंडा वाढतो. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं त्यांत कुठल्या प्रांताचे पर्यटक-फोटो जास्त असावेत, याचा अंदाज येतो.

शैलीच्या नावाऐवजी गवंडी आणि सुतार यांना सांगावं तसं सांगितलं की चित्र बदलतं. जोतं घडीव काळ्या दगडाचं. वर विटांच्या भिंती. खांब सागवानी, दगडी बैठकीवर उभे, वर निमुळते होत जाणारे, सुरूच्या झाडाच्या घाटाचे. दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, आणि तिच्यावरून खाली लोंबणारं कोरीव केळफूल. छत कडीपाटाचं, जमीन शेणाने सारवलेली. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात, १८०७मध्ये बांधलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. त्याच्या लाकूडकामासमोर वही घेऊन थोडा वेळ बसलं तर प्रॉम्प्टचा निम्मा मजकूर तिथेच मिळतो. मी टिपण मराठीत करते, मग इंग्रजीत उतरवते, आणि पारिभाषिक शब्दाच्या जागी त्या वस्तूचा आकार, साहित्य आणि जागा लिहिते.

५. काळाची झडती घ्या

यंत्राला जुनं म्हणजे जुनं. दीडशे वर्षांपूर्वीचं आणि तीनशे वर्षांपूर्वीचं त्याच्या लेखी सारखंच. वाड्यावर लालचुटुक मंगलोरी कौलं आली की आपल्यालाही ती खरी वाटतात, कारण आपण बघितलेल्या वाड्यांवर तीच आहेत. पण बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५मध्ये, आणि पेशवाई संपली १८१८मध्ये. माझ्या वाड्यावर नळीची कौलंच हवीत. परसात गुलमोहर फुललेला दिसला तर तोही उपटायचा. तो मूळचा मादागास्करचा, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदीत आला तोच १८२०च्या दशकात.

खिडक्यांच्या काचा, विजेची बटणं, सिमेंटचा कोबा, लोखंडी गज, कुंड्यांची रांग: अशा घुसखोरांची यादी मी भिंतीवर लावली आहे. प्रत्येक नव्या खोलीत शिरलं की आधी झडती, मग कौतुक.

६. 'नको' म्हणून भागत नाही

ही यादी प्रॉम्प्टमध्ये 'पंखा नको, बटणं नकोत' अशी उतरवली की पंखा हमखास येतो. चित्र बनवणाऱ्या मॉडेलांना नकार नीट कळत नाही. शब्द वाचला की वस्तू आलीच. त्यापेक्षा ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरून टाकावी. 'तुळईला झोपाळ्याच्या पितळी कड्या' असं लिहिलं की पंख्याला जागाच उरत नाही.

७. एक दार तरी मोजलेलं हवं

एआयने बनवलेल्या जागेला स्वतःचं खात्रीचं माप नसतं. चौक वीस फुटांचा आहे की साठ, हे ती सांगू शकत नाही. युनिटी या गेम इंजिनमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, अनरियल इंजिनमध्ये एक सेंटिमीटर. तिथे नेताना माप आपणच लावायचं असतं. मी प्रत्येक खोलीत एक दार खऱ्या वाड्यात टेपने मोजलेल्या उंचीचं ठरवते आणि बाकी सगळं त्याच्या हिशेबात लहानमोठं करते.

यंत्राचा कल भव्यतेकडे असतो. छत दुप्पट उंच, जिना लग्नाच्या हॉलसारखा रुंद. खरा वाडा आतून आटोपशीर असतो. माजघराचं दार साडेपाच फुटांचंही नसतं आणि भिंतीतल्या जिन्यावर एका वेळी एकच माणूस मावतो. मापं खरी ठेवल्याचा पुरावा शरीर देतं. हेडसेटमध्ये बुटकं दार समोर आलं की मुलं आपोआप वाकतात. डोक्याला लागेल असं तिथे काहीच नसतं, तरी वाकतात. असं झालं की त्या दाराला मी पुन्हा हात लावत नाही.

८. उजेड एकदाच ठरतो

टिकाऊ जागा देणारी बरीच साधनं 'गॉसियन स्प्लॅट' या पद्धतीने काम करतात. ही पद्धत २०२३मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. भिंत किंवा खांब असा पृष्ठभाग त्यात नसतोच. असतात ते लाखो रंगीत, कडा विरलेले लंबगोल. लांबून रांगोळी, नाक लावून बघितलं तर रंगाची पूड. याचे दोन परिणाम बनवणाऱ्याला भोगावे लागतात. एक, भिंतीला अडवण्याची ताकद नसते, त्यामुळे माणूस आरपार जाऊ नये म्हणून अदृश्य मेश वेगळी लावावी लागते. दोन, ऊन आणि सावली रंगातच मुरलेली असते. सकाळच्या उन्हातला चौक नंतर संध्याकाळचा करता येत नाही. तो नव्याने बनवावा लागतो.

म्हणून वेळ आधी ठरवा आणि सगळ्या खोल्यांना तीच द्या. माझ्या वाड्यात सकाळ आहे आणि सूर्य पूर्वेच्या छपरावरून चौकात नुकता उतरला आहे. अंधार मात्र आवर्जून मागावा लागतो. मॉडेलला सगळं उजळून दाखवायची हौस असते, आणि वाड्याची खुबी नेमकी उलट आहे. चौकात लख्ख ऊन, ओसरीवर निम्मा उजेड, माजघरात समईपुरता. डोळ्यांना सरावायला वेळ लागला नाही तर ते माजघर नव्हे. 'प्रकाशाचा एकमेव स्रोत' असं लिहून तो कुठे आहे ते सांगितलं की हे साधतं.

९. मोठं नको, जोडलेलं हवं

अफाट जग बनवणं ही नवलाई कधीच जुनी झाली. १९८४च्या 'एलीट' या खेळात आठ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. सगळं गणिती सूत्रातून, किलोबाइटांत मोजायच्या स्मृतीत. २०१६च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रहांची संख्या १८वर अठरा शून्यं इतकी गेली. पुढच्या ग्रहावर का जायचं, हा प्रश्न तरीही उरलाच.

वाड्यात तो प्रश्न रचनेनेच सुटलेला आहे. देवडीतून चौकाचा तुकडा दिसतो म्हणून माणूस आत येतो. मागच्या चौकातून रहाटाचा आवाज येतो म्हणून माजघर ओलांडतो. एकेक खोली वेगळी बनवून जोडताना सांधा कुठे लपवायचा, याचंही उत्तर वाडाच देतो. अंधारी देवडी, दोन चौकांमधला बोळ, भिंतीतला जिना: इथे नजर आखूड होते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात गेल्याचं कळत नाही. शिवाय फाइल हलकी राहते. जड फाइलने चित्र अडखळलं की हेडसेटमध्ये मळमळायला लागतं, आणि मळमळणारा माणूस केळफूल बघत नाही.

१०. अक्षरं, माणसं आणि आवाज बाहेरून आणा

देवनागरी पाटी यंत्राकडून लिहून घेऊ नका. बहुधा काना-मात्रांचा खिचडा मिळतो. पाटी कोरी मागवा आणि मजकूर नंतर चिकटवा. माणसंही शक्यतो टाळा. पुतळ्यासारखी उभी असलेली बाई घराला भुताटकी आणते; तिच्याऐवजी अर्धवट निवडलेल्या तांदळाचं सूप जास्त बोलकं ठरतं. आवाजासाठी मी फोन घेऊन जुन्या घरांत जाते: लाकडी जिन्याची करकर, कडीचा खणखणाट, घागर बुडतानाचा आवाज. वाडा खरा वाटण्यात यांचा वाटा चित्राइतकाच आहे.

११. ठाऊक नाही ते तसं दिसू द्या

'मॅडम, आता शनिवारवाडा करू या,' असं मुलं म्हणतात तेव्हा मी थांबते. पहिल्या बाजीरावांनी १७३०मध्ये त्याचा पाया घातला, १७३२मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८च्या आगीत आतला लाकडी डोलारा जळून गेला. आज उरले आहेत ते तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष. जोत्यांच्या वर काय होतं याचा बराचसा तपशील त्या आगीबरोबर गेला. यंत्राला सांगितलं तर ते काही क्षणांत सगळे मजले उभे करून देईल, झुंबरांसकट. अडचण अशी की त्यातला खरा दगड आणि मनचं झुंबर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने चमकतील, आणि बघून गेलेला मुलगा आयुष्यभर 'शनिवारवाडा असा होता' असं सांगेल.

वारसावास्तूंच्या संगणकीय पुनर्निर्मितीसाठी 'लंडन चार्टर' नावाची तत्त्वं आहेत. पहिली आवृत्ती २००६ची, सुधारित २००९ची. त्यांचा गाभा हाच: पुरावा काय, तर्क काय आणि कल्पना काय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे आणि निर्णयांची नोंद राहिली पाहिजे. एआय येण्याआधी एक खोली बनवायला आठवडे लागायचे, त्यामुळे प्रत्येक खांबामागे विचार झालेला असायचा. आता खांब फुकट मिळतो, म्हणून ही नोंद जास्त गरजेची झाली आहे.

माझ्या वाड्यात एक बटण आहे. ते दाबलं की उभ्या वाड्यांत मोजून घेतलेल्या गोष्टी रंगीत राहतात, कागदपत्रांवरून घेतलेल्या फिक्या होतात आणि माझ्या अंदाजाच्या करड्या पडतात. वरच्या मजल्यावर करडं बरंच आहे. प्रत्येक प्रॉम्प्ट तारखेसह वहीत लिहिलेला आहे आणि त्यातला कुठला शब्द कशावरून आला तेही.

१२. जग जमलं का, ते प्रश्नांवरून ओळखा

फिरणाऱ्याच्या शेजारी गप्प उभं राहावं आणि ऐकावं. 'कसलं भारी आहे' याचा उपयोग नाही. 'हे कशात बनवलं?' हा प्रश्न आला तर अजून यंत्रच दिसतंय, घर दिसत नाही. जुन्या वाड्यात बालपण गेलेल्या एक आजी पहिला चौक बघता बघता थेट माजघर ओलांडून मागे गेल्या आणि विचारू लागल्या, "आड कुठाय?" आड होता. पण त्यांच्या मागून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं की उन्हाळ्यात आड आटला की एवढ्या घराला पाणी कुठून यायचं?

हा प्रश्न मला हवा होता, कारण त्याचं उत्तर वाड्याच्या भिंतींबाहेर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळाने पुण्यात आणलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि पेठांमधल्या हौदांत ते खेळवलं. तो विद्यार्थी आता जुने नकाशे घेऊन हौदांच्या जागा शोधत हिंडतो आहे. वाड्याच्या दिंडी दरवाजाबाहेरची गल्ली मी अजून बनवलेली नाही. त्याच्या नोंदी आल्या की हौदाची जागा ठरेल, आणि मग त्या गल्लीचा प्रॉम्प्ट लिहायला घेऊ.